नकाशा आणि गल्ली

'गाव करी ते राव न करी' अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. खेड्यात तिचा अर्थ कोणालाही सहज उमगतो. विहिरीतील गाळ काढावयाचा असो की चावडीची डागडुजी असो, चार माणसे पारावर जमतात, विचारविनिमय करतात आणि काम तडीस नेतात. परंतु मुंबईसारख्या अफाट पसरलेल्या नगरात गाव कोणते आणि राव कोण, हेच कळेनासे होते. १९५७ साली या नगराची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लक्ष भरली. एवढ्या मोठ्या नगराची रचना तज्ज्ञांनी ठरवावी आणि इतरांनी ती निमूटपणे मान्य करावी, असे पुष्कळांना वाटते.

हे मत अगदीच टाकाऊ नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. तेव्हा दाट वस्त्यांत हवा व उजेड यावा म्हणून १८९८ साली 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' हे मंडळ स्थापन झाले. त्याने रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याच्या बाजूस बागबगीच्यांनी युक्त अशा वसाहती आखल्या. तेथील वृक्षांच्या छायेत आजही लोक विसावा घेतात. परंतु रस्त्यांसाठी ज्या गरिबांची घरे पाडली गेली, त्यांपैकी फारच थोड्यांना या वसाहतींत जागा मिळाली. नकाशा सुंदर होता. मात्र ज्यांच्या घरांवरून त्याच्या रेघा गेल्या, त्यांचा विचार कोणी घेतला नव्हता.

याच्या उलट प्रकार २०१५ साली घडला. महापालिकेने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. लोकांनी आपापल्या वस्तीचे नकाशे उघडून पाहिले, तो त्यांत चुकाच चुका! कोठे जुन्या वास्तूवरून रस्ता गेलेला, तर कोठे उभी असलेली इमारत नकाशात नाहीच. हजारो नागरिकांनी हरकती लिहून पाठविल्या. एप्रिलमध्ये तो मसुदा मागे घेण्यात आला आणि सुधारलेल्या आराखड्यास २०१८ साली मंजुरी मिळाली. आराखडा करणारे अडाणी होते असे नव्हे. पण गल्लीतील चूक गल्लीत राहणाऱ्यालाच प्रथम दिसते.

म्हणूनच १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लक्ष किंवा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे सांगितले. तथापि कायदा कागदावर असला म्हणजे तो कृतीत उतरतोच असे नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच झाली नाही. त्या काळात प्रशासकाने कारभार चालविला. परंतु गटार तुंबले किंवा रस्त्यावरचा दिवा विझला, तर हक्काने ज्याला जाब विचारावा असा निवडून दिलेला नगरसेवक एकाही वस्तीला नव्हता.

यावर कोणी म्हणेल, 'शेजारी तरी कोठे शहाणे असतात? कचऱ्याची पेटी प्रत्येकाला हवी, पण ती दुसऱ्याच्या दारी हवी!' हा आक्षेप खरा आहे. पण पेटी कोठे ठेवावी हा तंटा दूरच्या कचेरीत मिटत नाही. तो एकत्र बसूनच मिटतो. घाटकोपरच्या एका गल्लीतील रहिवाशांनी गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या परिसराच्या स्वच्छतेचा भार स्वतः उचलला. पुढे अशा रहिवाशांच्या गटांसाठी महापालिकेने 'प्रगत परिसर व्यवस्थापन' ही योजना सुरू केली.

अर्थात, सर्व कामे गल्लीने करावीत असे नव्हे. पाणी दूरच्या धरणांतून येते, आगगाडी अनेक वस्त्यांतून धावते. त्यांचा विचार संपूर्ण नगरासाठीच करावा लागतो. पण मुलांनी कोठे खेळावे, वृद्धांनी रस्ता कोठे ओलांडावा, हे ठरविताना त्या वस्तीला विचारलेच पाहिजे. आणि विचारल्यावर वस्तीनेही घरात बसून राहता कामा नये. जो सभेला जात नाही, नकाशा पाहत नाही आणि मत देत नाही, त्याला पुढे रस्ता चुकीचा झाला म्हणून कुरकुर करण्याचा अधिकार उरत नाही. नगर कितीही मोठे झाले, तरी ते अनेक लहान गावांचे मिळूनच बनलेले असते. आणि ज्या गावात माणसे एकत्र बसत नाहीत, तेथे रावाचेच राज्य चालते.