जन्म हा पुरावा नव्हे

चोर कोण हें ठरण्यापूर्वींच चोराची जात ठरविण्याची मनुष्यास फार घाई असते. आणि त्या घाईचें मोल बहुधा दुसराच कोणी भरतो. ‘दिल्ली क्राईम’ या चित्रमालिकेचें दुसरें पर्व पाहून हा विचार आमच्या मनांत बळावला. तो आमच्या शाळाबंधुभगिनींपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

नेटफ्लिक्सवर २६ ऑगस्ट २०२२ रोजीं प्रसिद्ध झालेल्या या पांच प्रकरणांच्या कथेंत दिल्लींतील सधन वृद्ध जोडप्यांचे निर्घृण खून होतात. खुनांची रीत जुन्या ‘कच्छा-बनियान’ टोळ्यांची दिसते. लागलींच एका निवृत्त अधिकाऱ्यास जाणकार म्हणून पाचारण करण्यांत येतें. गुन्हा हा कांहीं विमुक्त जमातींचा जन्मजात धंदाच आहे, असें त्याचें ठाम मत! मग वस्तीवर धाड पडते, माणसें ठाण्यांत आणलीं जातात आणि दोघां निरपराध्यांवर आळ येतो. वर्तिका चतुर्वेदी या अधिकारी बाईंस हें पटत नाहीं. परंतु शहर भ्यालेलें असतें व वरिष्ठांस आरोपी हवे असतात. अखेरीस उघडकीस येतें कीं, खुनी भलतेच आहेत. त्यांनीं केवळ त्या टोळ्यांची रीत उसनी घेतली होती. सारांश, पूर्वग्रहामुळें निरपराधी तर भरडला जातोच, पण खऱ्या गुन्हेगारासही आयता आडोसा मिळतो.

हा पूर्वग्रह आला कोठून? इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यानें एकेका व्यक्तीस नव्हे, तर सबंध जमातींस गुन्हेगार ठरविलें. पोलिसांकडे नांव नोंदवावें, हजेरी द्यावी, परवान्यावांचून गांव सोडूं नये, असा त्यांच्यावर निर्बंध बसला. आपल्या सोलापुरांत अशा लोकांना कुंपणांत ठेवीत; त्या वस्तीस ‘सेटलमेंट’ हें नांव पडलें. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला. सदर मालिका प्रसिद्ध झाल्यावर पांचच दिवसांनीं त्या मुक्तीस सत्तर वर्षें पूर्ण झालीं. कायदा गेला, परंतु संशय गेला नाहीं.

कोणी म्हणतील, पोलिसांस अनुभवावरून अटकळ बांधावीच लागते. हें खरें, पण अटकळ हा शोधाचा आरंभ होय, निकाल नव्हे. शिवाय हा दोष एकट्या पोलिसांचा म्हणून आपणांस हात झटकतां येत नाहींत. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें भिक्षेसाठीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस, मुलें पळविणारे समजून, जमावानें ठार मारिलें. तेथें कोणी अधिकारी नव्हता, तपास नव्हता. होती ती केवळ अफवा आणि परक्या माणसाविषयींची भीति.

मालिकेंतही एक उणीव आम्हांस जाणवली. कथा सर्वस्वीं पोलिसांच्या दृष्टीनें सांगितलेली असल्यामुळें अधिकारी बाईंची तळमळ आपल्या ध्यानांत राहते, पण त्या दोघां गरिबांच्या घरीं चूल पेटली कीं नाहीं, हें आपण विचारीतच नाहीं. ज्यांस तें जाणून घ्यावयाचें असेल त्यांनीं लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ हें १९८७ सालचें आत्मकथन अवश्य वाचावें. तेथें आरोपीच्या घरचाच मनुष्य बोलतो.

आतां आपल्या जिभेकडे वळूं. खेळांत कोणी लबाडी केली कीं आपण सहज ‘भामटा’ म्हणतों. भामटा हें एका जमातीचें नांव आहे, हें कितीजणांच्या ध्यानीं येतें? त्या जमातीचा एखादा मुलगा आपल्याच बांकावर बसलेला असेल, तर तो शब्द ऐकून त्याला काय वाटत असेल? १८७१ च्या कायद्यानें जें केलें, तेंच आपण त्या एका शब्दानें रोज करीत असतों. सरकारनें कायदा एका दिवसांत रद्द केला. जिभेवरचा कायदा मात्र ज्यानें त्यानेंच रद्द करावयाचा आहे. त्याचा आरंभ आपल्याच वर्गांतून व्हावा, अशी आमची विनंति आहे.