आधी तापू द्या!

यंदा जानेवारीत आमच्या भाच्याने गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर घेतला. दोन वर्षे शिकवण्या करून त्याने पै-पै जमवली होती. किंमत ऐकून माझ्यातला कारकून दचकला. पण पैसे त्याच्या घामाचे, आपण कोण बोलणार? फेंडर कंपनीचा ‘ब्लूज ज्युनिअर’ नावाचा हा पेटारा. वजन चौदा किलोच्या आसपास. तो चाळीच्या जिन्यावरून वर चढवण्याचे काम मात्र मामाकडे आले.

मागून डोकावलो तर आत काचेच्या पाच नळ्या. तीन लहान, दोन जरा उंच. म्हणजे चक्क व्हॉल्व्ह! आजोबांच्या रेडिओत असत तसे. ज्यांनी तो रेडिओ ऐकला आहे त्यांना आठवेल, बटण फिरवल्याबरोबर तो बोलत नसे. आधी आत लालसर उजेड पडायचा, मग लांबून आल्यासारखा आवाज यायचा. या पेटाऱ्याचेही तसेच. अर्धा मिनिट तरी थांबावे लागते. नळीतली हवा काढून टाकलेली असते. आतली तार तापली की तिच्याभोवतीच्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. वाटेत एक जाळी असते. गिटारकडून आलेला क्षीण विद्युतसंदेश या जाळीवर पोचतो आणि त्याच्या तालावर तो मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. यासाठी आत शेकडो व्होल्ट खेळत असतात, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

पहिला आठवडा भाचा नाराज होता. आवाज पातळ, कर्कश. पंधरा वॅट म्हणजे किरकोळ, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात बटण निम्म्यावर जाण्याआधीच रात्रपाळी करून झोपलेल्या शेजाऱ्यांनी दार ठोठावले. मग त्याची खरी शिकवणी सुरू झाली. पेटारा जमिनीवर ठेवला तर आवाज गुडघ्यांना ऐकू जातो, कानाला नाही. म्हणून तो स्टुलावर गेला. ‘व्हॉल्यूम’ वर आणि ‘मास्टर’ खाली ठेवले की कमी आवाजातही खरखरीत धार येते, हे त्याला उमगले. आणि मुख्य म्हणजे हात! तार हळू छेडली तर आवाज स्वच्छ, जोरात छेडली तर तोच आवाज फाटतो. पेढीवर बसून नुसते बघणाऱ्यालाही ते कळत होते. ट्रान्झिस्टरवर जोर पडला की तो आवाजाची लाट कात्रीने कापल्यासारखी कापतो. व्हॉल्व्ह तिचे टोक हळूहळू दाबत जातो. घरातल्या रेडिओ-टीव्हीतून व्हॉल्व्ह केव्हाच हद्दपार झाले, पण गिटारवाल्यांनी ते सोडले नाहीत, ते एवढ्यासाठी.

हा पेटारा ज्याच्या नावाचा, तो लिओ फेंडर मूळचा हिशेबनीस! हे वाचून मी, बी.कॉम. झालेला माणूस, दोनदा चष्मा पुसला. कॅलिफोर्नियात तो जमाखर्चाची नोकरी करी. मंदीत नोकरी गेली आणि १९३८ साली त्याने फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. १९९१ साली वारला तोवर त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादक दुकानात येत, तक्रारी सांगत, हा ऐकून घेई आणि सुधारणा करी. त्याला हवा होता स्वच्छ आवाज. फाटलेला आवाज त्याच्या वहीत खोट म्हणून नावे पडलेला.

ती खोट जमेला धरली कृष्णवर्णीय वादकांनी. मडी वॉटर्स हा मिसिसिपीतल्या मळ्यावर राबणारा माणूस १९४३ साली शिकागोला आला. तिथल्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार कुणाला ऐकूच जाईना, म्हणून त्याने विजेची गिटार धरली. शहरात आलेल्या कष्टकऱ्याला आपला आवाज पोचवण्यासाठी काय काय करावे लागते, हे आपल्या वाचकांना मी काय सांगू! १९५१ साली आइक टर्नरचा ताफा ध्वनिमुद्रणासाठी मेम्फिसला गेला, तेव्हा वाटेत त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर फाटला. त्यात कागद कोंबून त्यांनी ‘रॉकेट ८८’ वाजवले, असे सांगतात. त्या गाण्यातली गिटारची घरघर आजही ऐकावी. पुढे १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल या ड्रम शिकवणाऱ्या दुकानदाराच्या माणसांनी फेंडरचीच एक जुळणी समोर ठेवून आपला अ‍ॅम्प्लिफायर बनवला. त्याची कथा वेगळी. असो.

आता त्या शेकडो व्होल्टांविषयी. एप्रिलमध्ये जयंतीच्या मंडपात भाच्याच्या ताफ्याचा कार्यक्रम होता. दुपारी मी सहज वायरी पाहिल्या, तर जोडवायरीच्या प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन मोडलेली! “बोर्डात बसत नव्हती, म्हणून काढली,” वायरमन म्हणाला. गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि आत कुठे दोष निघाला तर वादकाच्या हातातल्या तारेत वीज येते. ओठ माईकला लागले की ती अंगातून वाट काढते. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी गावी ‘स्टोन द क्रोज’ या ताफ्याचा गिटारवादक लेस्ली हार्वी अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून भर कार्यक्रमात गेला. हे मी वायरमनला सांगितले. त्याने मान हलवली आणि गुटखा थुंकला.

शेवटी भाच्यानेच सायकल हाणली, तीन पिनांची नवी जोडवायर आणली. फेज आणि अर्थ यांच्यात होल्डरचा बल्ब लावला, तो लख्ख पेटला तेव्हा मी खाली बसलो. स्पीकरची वायर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर सुरू करायचा नाही, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो, हेही त्याने पोरांना बजावले. प्लग काढल्यावरसुद्धा आत वीज साठलेली राहते, म्हणून मागचे झाकण कुणी उघडायचे नाही, हे बजावले मी.

रात्री निवेदक घाई करू लागले. “अरे, सुरू करा, पब्लिक बसलंय!” भाचा पाठमोरा, पेटाऱ्याकडे बघत उभा. मी स्टेजच्या कडेने हळूच विचारले, “काय रे, काय झालं?”

“काही नाही, मामा. तापू द्या.”