हिवाळी प्रवास आणि मोटारीचे ब्रेक

मार्गशीर्ष-पौषात मूल परिसरात पहाटे धुके उतरते. चंद्रपूर वा गडचिरोलीकडे निघालेल्या व्यापाऱ्यास जंगलातील रस्त्यावर उभा असलेला धानाचा ट्रक किंवा आडवे येणारे चितळ अगदी जवळ गेल्यावरच दिसते. अशा वेळी दवाने ओलसर झालेल्या डांबरावर जोराने ब्रेक दाबल्यास चाके जखडतात आणि गाडी स्टिअरिंगला जुमानत नाही. एबीएस यंत्रणा चाक जखडू लागताच ब्रेकचा दाब सेकंदाला अनेकदा कमी-अधिक करते. त्यामुळे ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवून अडथळा चुकवता येतो.

एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. प्रश्न उरतो तो त्याआधीची जुनी गाडी घेणाऱ्यांचा. त्यांनी किल्ली फिरवून एबीएसचा दिवा पाहावा. तो लागून काही क्षणांत विझला पाहिजे. विझत नसेल तर यंत्रणेत बिघाड आहे. मुळीच लागत नसेल तर अधिकच सावध व्हावे.

तथापि एबीएसमुळे गाडी हमखास लवकर थांबते असे नाही. मुरूम-खडीवर थांबण्याचे अंतर वाढूही शकते. वेग ४० वरून ८० झाला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते. झिजलेल्या टायरांची उणीवही ही यंत्रणा भरून काढत नाही. पेडल थरथरले तरी पाय उचलू नये, हे पगारी चालकासही समजावून सांगावे.

एबीएस असलेलीच गाडी घ्यावी. परंतु धुक्यात वेग दिसणाऱ्या अंतरापुरताच ठेवावा आणि शक्यतो ऊन पडल्यावरच निघावे.