मौनानंतरचा प्रश्न

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी निर्वाण झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंज मोझरीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय स्तब्ध होतो. त्या क्षणी बधिर आणि ऐकणारा हा भेद उरत नाही. तो सुरू होतो मौन संपून ध्वनिक्षेपक बोलू लागल्यावर.

आपला सार्वजनिक कारभार बव्हंशी कानांच्या भरवशावर चालतो. एसटी कोणत्या फलाटावर लागली, चुकलेले मूल कोठे आहे, पंगत केव्हा बसणार, हे सारे ओरडूनच सांगितले जाते. २०११च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांवर होती. त्यांची अडचण कानांची, असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः पुष्कळदा ती जागेच्या रचनेची असते.

वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बधिरांच्या विद्यापीठाने या रचनेचे शास्त्रच उभारले आहे. खुणांनी बोलणाऱ्या दोघांना चालताना परस्परांकडे पाहावे लागते, म्हणून वाट रुंद हवी. हात व चेहरा स्पष्ट दिसावा, म्हणून डोळे न दिपवणारा प्रकाश हवा. सर्वांना सर्व दिसावेत, म्हणून बैठक अर्धवर्तुळाकार हवी.

'मूठभरांसाठी एवढा खर्च कशाला?' हा आक्षेप अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. नकाशा कागदावर असताना वाट रुंद करणे स्वस्त असते. बांधलेली भिंत फोडणे महाग पडते. शिवाय यात्रेच्या गोंगाटात ऐकणाऱ्यालाही सूचना नीट कळत नाही. ठळक फलक मात्र दोघांच्याही उपयोगी पडतो. उलट, बाहेर आपले कोणाशी बोलणे होत नाही म्हणून घरीच बसणाऱ्या माणसामुळे समाजाचे होणारे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

अर्थात, केवळ बांधकामाने माणसे जोडली जात नाहीत. याच जिल्ह्यातील वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी मूकबधिर व अन्य दिव्यांग अनाथांना स्वतःचे नाव देऊन आपलेसे केले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा गौरव करणाऱ्या समाजाने निदान खुणांचे चार शब्द तरी शिकावेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला संवादाचे साधन मानले आहे. २०२१ पर्यंत भारतीय सांकेतिक भाषेचा कोश १० हजार शब्दांवर पोहोचला आहे. साधनांची वाण नाही.

मोझरीच्या व्यासपीठावर, पुरेशा उजेडात, वक्त्याशेजारी दुभाषा उभा करावा. स्वयंसेवकांना नित्याच्या खुणा शिकवाव्यात. ज्या भूमीने सामुदायिक प्रार्थनेचा संस्कार गावोगाव पोहोचविला, तिनेच 'समुदाय' या शब्दाची व्याप्ती वाढवावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.