नाव न विचारणारी गाडी

मर्चंट नेव्हीत इंजिनिअर म्हणून माझी उमेदीची वर्षं फिलिपिनो खलाशांच्या संगतीत गेली. त्यांच्या करारानुसार मूळ पगाराचा किमान ८० टक्के भाग परस्पर घरी जातो. उरलेल्या पैशांतूनही माझा ऑइलर, इलोइलोकडचा, प्रत्येक बंदरात काहीतरी घ्यायचाच: टॉवेल, साबणाच्या वड्या, कॉर्न्ड बीफचे डबे, चॉकलेटं. घरी पाठवायचं पुठ्ठ्याचं मोठं 'बालिकबायान' खोकं त्याच्या केबिनमध्ये कायम उघडं असे. शाम्पूच्या बाटल्यांची झाकणं चिकटपट्टीने बांधून, बाटल्या मोज्यांत खुपसून तो एकेक फट भरत जाई. साबण कुणाला, असं विचारलं की आधी बहिणीचं नाव येई, मग शेजारणीचं, मग चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या म्हातारीचं.

म्हणून २०२१च्या एप्रिलमध्ये मनिलाहून आलेल्या बातमीचं मला नवल वाटलं नाही, अभिमान वाटला. महानगरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली होती, हातावर पोट असणाऱ्यांची कामं बंद होती. क्वेझोन सिटीत मागिन्हावा नावाचा, एरवी खाण्याच्या ठिकाणांसाठी प्रसिद्ध असलेला रस्ता आहे. १४ एप्रिलला तिथे आना पात्रिसिया नॉन या २६ वर्षांच्या तरुणीने बांबूची छोटी गाडी उभी केली. तांदूळ, भाज्या, डबाबंद अन्न, मास्क. सोबत पुठ्ठ्याची पाटी: ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे घ्या. थोड्याच दिवसांत देशभर अशा शेकडो गाड्या नि टेबलं लागली.

माझ्या मते यातली खरी मोठी गोष्ट म्हणजे किती घ्यायचं हे घेणाऱ्याने ठरवायचं. यादी नाही, ओळखपत्र नाही, अर्ज नाही. सरकारी मदतीला याद्या होत्या आणि यादीत नाव नसलेला माणूस बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या स्थानिक प्रशासनाच्या, कचेरीत खेटे घालत होता. गाडीपाशी त्याच माणसाच्या शब्दावर, खरं तर न बोललेल्या शब्दावर, विश्वास ठेवला गेला. पासिगमध्ये काही बायकांनी एक टेबल पार रिकामं केल्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. पण म्हणून गाड्या थांबल्या नाहीत.

थांबवलं ते यंत्रणेने. पोलीस येऊन नॉनचा फोन नंबर विचारू लागले, ती कुठल्या संघटनेची हे विचारू लागले. कम्युनिस्टांशी संबंध असल्याची कुजबुज सरकारी पानांवरून पसरवली गेली आणि बंडखोरीविरोधी कृतिदलाच्या एका जनरलने तर तिची तुलना ईव्हला सफरचंद देणाऱ्या सैतानाशी केली. २० एप्रिलला जिवाच्या भीतीने तिने गाडी बंद ठेवली. महापौर पाठीशी उभ्या राहिल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लागली. याच सरकारने २०२०च्या आपल्या कोरोना कायद्याला 'बायानिहान'चं नाव दिलं होतं. शेजाऱ्याचं बांबूचं घर अख्खं खांद्यावर उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची ही जुनी रीत. कायद्याच्या मथळ्यात ती शोभते आणि रस्त्यावर दिसली की तिच्यामागे पोलीस लागतात, हे मला संतापजनक वाटतं.

आणि नुसतं कौतुकही पुरे झालं. फिलिपिनो किती सोशिक, संकटातही कसे हसतात, हे वादळागणिक ऐकून तिथली माणसंच विटली आहेत. त्याच एप्रिलमध्ये एका अभिनेत्रीने आपल्या वाढदिवसाला असंच वाटप ठेवलं. गर्दी हाताबाहेर गेली आणि रांगेत उभा असलेला ६७ वर्षांचा एक माणूस कोसळून मरण पावला. अभिनेत्रीने जाहीर माफी मागितली, त्याच्या कुटुंबाला मदत करीन म्हणाली. माफी मागण्याची पाळी तिच्यावर का यावी? टाळेबंदीचा हुकूम तिने काढला नव्हता. ज्यांनी काढला, त्यांनी घराघरांत तांदूळ पोचवला असता, तर या वयाचा माणूस उन्हात उभा राहिला नसता.