शपथा मोजल्या, खर्रा कोण मोजणार?

26 जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनी किंवा ऑक्टोबरातल्या व्यसनमुक्ती सप्ताहात अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातल्या शाळांत काय होतं, हे कळायला वार्ताहर पाठवावा लागत नाही. परिपाठानंतर मुलं रांगेत उभी राहतात, पाहुणे बोलतात, हात पुढे करून शपथ होते, फलकासह फोटो निघतो आणि अहवालातल्या ‘लाभार्थी’ या रकान्यात शाळेची पटसंख्या जाते. शाळा सुटल्यावर त्यातलाच एखादा नववीतला पोट्टा पानठेल्यावर जातो. ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकतो, घासून घासून एकजीव करतो, पुडीला रबर लावून पुढे सरकवतो. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे, गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. तरी खर्रा मिळतो. त्या पुडीला मात्र कुठल्याही अहवालात रकाना नाही.

‘तंबाखूमुक्त शाळा’ ठरवण्याचे निकष आहेत. फलक लावला का, आवारात पिचकाऱ्या दिसतात का, जबाबदार शिक्षक नेमला का, हे त्यात तपासलं जातं. हे सगळं करायलाच हवं. पण त्यातून भिंतीची आणि आवाराची खबर मिळते, पोराच्या खिशाची नाही. मुलांसाठीच्या बहुतेक उपक्रमांची हीच गत आहे. किती शिबिरं झाली, किती जण आले, किती खर्च झाला, हे पाठ असतं. काय बदललं म्हटलं की अभिप्रायाचे कागद पुढे येतात, आणि त्यांत सगळ्यांना सगळं ‘खूप आवडलेलं’ असतं.

या अभिप्रायांवर किती विसंबावं, याचा एक जुना धडा अमेरिकेत आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज आणि सॉमरविल या गावांत 1939 मध्ये वाया जाण्याची भीती असलेल्या मुलांसाठी मोठा प्रकल्प सुरू झाला. 506 मुलं निवडली, सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या कुणाला मदत द्यायची हे नाणं उडवून ठरवलं. मदत तोंडदेखली नव्हती. समुपदेशक पाच-पाच वर्षं घरी जात, अभ्यास घेत, औषधपाणी बघत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. तीस वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी या मुलांचा पुन्हा माग काढला आणि 1978 मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेले एकाही बाबतीत सरस नव्हते. दारू, मानसिक आजार, अकाली मृत्यू अशा अनेक बाबतींत ते उलट मागे होते. तरीही त्यांतले दोन तृतीयांश जण सांगत होते, त्या प्रकल्पाचा आम्हाला फायदा झाला. पुढच्या अभ्यासात संशय शिबिरांवर गेला. वांड मुलं एकत्र ठेवली की ती एकमेकांकडूनच शिकतात, असा त्याचा रोख होता. दुसरा गट नसता, तर हा प्रकल्प आजही आदर्श म्हणून मिरवला असता. पोलिसांनी वर्गात जाऊन अमली पदार्थांविरुद्ध धडे द्यायचा ‘डेअर’ हा तिथला कार्यक्रमही 1983 पासून देशभर पसरला. नव्वदीतल्या अभ्यासांत त्याचा टिकाऊ परिणाम सापडला नाही, तरी तो लोकप्रियच राहिला.

साहेबांच्या देशातल्या गोष्टी इथे कशाला, असं कुणी म्हणेल. मग बिहारचं घ्या. नालंदा जिल्ह्यातल्या 74 सरकारी शाळांत शाळेचं वातावरण सुधारण्याचा ‘सेहेर’ हा उपक्रम चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीनं वाटून तपासला गेला. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकानं चालवला, काही शाळांत शिक्षकानं, आणि काहींत फक्त सरकारचा नेहमीचा वर्ग ठेवला. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं निकाल छापला. समुपदेशक होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि उदासी घटली. शिक्षकानं चालवलेल्या शाळांत नेहमीच्या वर्गापेक्षा काहीच फरक पडला नाही. उपक्रम तोच, पुस्तिका तीच. आपल्याकडे मात्र प्रत्येक नवा उपक्रम आधी गुरुजींच्याच गळ्यात पडतो.

अमरावती जिल्ह्यालाही मोजण्याची ही भाषा नवी नाही. ‘विश्राम’ प्रकल्पानं विदर्भातल्या 30 गावांत नैराश्य आणि दारूवर काम केलं आणि आधी व दीड वर्षानं पाहणी केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे सुमारे 4 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर गेले, आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. तुलनेला वेगळी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पालाच देता येत नाही. पण मोजणं आपल्या गावांत जमतं, एवढं तर त्यानं दाखवलं.

याच तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरीचा आश्रम आहे. तिथल्या सामुदायिक प्रार्थनेनं आणि खंजिरीच्या भजनानं किती घरांतली दारू सुटली, हे कुणी मोजलं नाही, आणि आम्ही ते मागतही नाही. प्रार्थना कुणाला निधीचा हिशेब देणं लागत नाही. सरकारी किंवा कंपन्यांच्या सामाजिक निधीतून ‘तालुका व्यसनमुक्त करू’ म्हणणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

करायला फार पैसा लागत नाही. पुढच्या सत्रात उपक्रम एकदम सगळ्या शाळांत न्यायचा नाही. शाळांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. अर्ध्या यंदा, अर्ध्या पुढच्या वर्षी. तसाही निधी एका दमात सगळ्यांना पुरत नाहीच. दोन्हीकडे आधी आणि वर्षानंतर, नाव न लिहिता एकच पानभर प्रश्नावली: गेल्या 30 दिवसांत खर्रा खाल्ला का, किती दिवस, कुठून घेतला. मुलं खोटं लिहितील? काही लिहितीलच, पण ती दोन्ही गटांत लिहितील. प्रश्नावली गोळा करायला ना शाळेचे शिक्षक, ना उपक्रम चालवणारी संस्था. अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतले समाजकार्याचे विद्यार्थी ते करू शकतात. शाळांची नावं जाहीर करायची नाहीत, नाहीतर मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी आकडे दुरुस्त करतील.

आणि फरक शून्य निघाला तर काय, हे निधी देण्याआधी लिहून घ्यावं. आमच्या मते फलक, पाहुणे आणि टोप्यांचा पैसा मग दोन-तीन शाळांमागे एक समुपदेशक नेमण्यावर जावा. शाळेसमोरचे 100 यार्ड रिकामे करायला तर निकालाचीही वाट पाहायला नको; त्यासाठी तहसीलदार आणि ठाणेदारांनी एकत्र बसून टेप घेऊन निघालं तरी पुरे.