बैठकीला वेळ आहे, ग्रामसभेला नाही

भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही राजकीय पक्षाच्या तालुका कार्यालयात जावे आणि गेल्या वर्षभरातील बैठकांचा तपशील मागावा. बूथ समितीची बैठक, विविध आघाड्यांच्या बैठका, जयंत्या, पुण्यतिथ्या, सदस्यनोंदणी, आढावा आणि आढाव्याचाही आढावा! सर्व काही तारीखवार हाती येते. प्रत्येक बैठकीचे छायाचित्र असते आणि ते छायाचित्र वरच्या पदाधिकाऱ्यापर्यंत वेळेत पोहोचल्याची खात्रीही असते. तेथून उठून एखाद्या गावच्या ग्रामपंचायतीत जावे आणि ग्रामसभेचे इतिवृत्त उघडावे. सह्या तेथेही आहेत. परंतु त्यांतील किती सह्या सभेच्या जागी झाल्या आणि किती मागाहून शिपायाने वही घरोघर फिरवून गोळा केल्या, हा प्रश्न पारावर बसलेल्या चार माणसांना विचारून पाहावा. उत्तर बहुधा शब्दांत मिळत नाही. माणसे नुसती हसतात.

त्या हसण्यात जे दडले आहे, त्याची लाज राजकीय कार्यकर्त्याला वाटली पाहिजे. ती वाटत नाही, हेच खरे दुखणे आहे आणि राष्ट्रीय विचारांचा म्हणविणारा कार्यकर्ताही या दुखण्यातून सुटलेला नाही.

२४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. महाराष्ट्राच्या कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा बंधनकारक केल्या आहेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असेही सांगितले आहे. गणपूर्तीसाठी गावातील १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात. हजार-दोन हजार वस्तीच्या गावात इतकी माणसे जमणे काय अवघड आहे? मंडईच्या रात्री दंडार पाहायला याच गावात पाच गावची माणसे गोळा होतात आणि पहाटेपर्यंत हलत नाहीत. ग्रामसभेला मात्र शंभर माणसे मिळत नाहीत. मग सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, ही कायद्यातील पळवाट सरपंचापासून ठेकेदारापर्यंत सर्वांना तोंडपाठ असते. म्हणजे पहिली सभा न भरणे हे काहींच्या सोयीचेच असते.

राष्ट्रीय सणाच्या दिवशीचे चित्र पाहावे. शाळेत ध्वजवंदन होते, मुलांना खाऊ वाटला जातो, पुढारी भाषण करतात आणि मोटारसायकली तालुक्याच्या दिशेने निघतात. कारण तेथे पक्षाचा कार्यक्रम असतो. अकरा वाजता ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सरपंच, दोन-तीन सदस्य, ग्रामसेवक (त्याचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, काम तेच आहे) आणि ज्यांचे काही अडले आहे असे पंधरा-वीस लोक उरतात. घरकुलाच्या यादीतील प्राधान्यक्रम या बैठकीत ठरतो. वित्त आयोगाच्या निधीतून काय करायचे, तो गावचा विकास आराखडाही येथेच संमत होतो. गावात दारूचे दुकान नको असेल, तर त्याची पहिली वाटही महिलांच्या सभेतून आणि ग्रामसभेतूनच जाते. वैनगंगेच्या वाळूघाटांच्या लिलावाआधी ग्रामसभेची शिफारस मागण्याची पद्धत राज्यात अनेक वर्षे होती. नदी पोखरून वाळूचे ट्रक नागपूरकडे धावत राहिले, तेव्हा त्या शिफारशी कोणी, कोणत्या सभेत, किती माणसांच्या उपस्थितीत दिल्या? वाळूमाफियांच्या नावाने तहसीलवर निवेदन देणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावचे त्या वर्षाचे इतिवृत्त एकदा वाचावे. कदाचित त्या ठरावाखाली त्यांचीही सही सापडेल.

हे का घडते, याचे एक उत्तर नेहमी दिले जाते. ग्रामसभेत भांडणे होतात, गटबाजी असते, दारू पिऊन आलेला एखादा माणूस माईक ओढतो. सभ्य माणसाने तेथे काय करावे? पक्षाची बैठक शिस्तीत होते. वेळेवर सुरू होते, विषय ठरलेले असतात, कोणी उलट बोलत नाही. हे खरेच आहे. पण जेथे सारे एकमताचेच बसले आहेत, तेथील शिस्तीचे कौतुक ते काय? बैठकीत कार्यकर्ता घडतो, ही श्रद्धा चुकीची नाही. संघटनशास्त्राचा तो पायाच आहे. मात्र आखाड्यात घाम गाळून तयार झालेला मल्ल दंगलीच्या दिवशी घरी बसत असेल, तर त्या आखाड्याचा उपयोग केवळ आरशासमोर उभे राहण्यापुरताच. ज्याला आपल्या गावात, आपल्या विरोधकासमोर, आपल्या जातीबाहेरच्या माणसांसमोर उभे राहून एखादा ठराव पटवून देता येत नाही, त्याने राष्ट्रजीवनाच्या गोष्टी बैठकीत किती सांगाव्यात?

दुसरे उत्तर अधिक खासगीत दिले जाते. सत्ता वर असते. तिकीट वर ठरते, निधी वरून येतो, तर खाली वेळ का घालवावा? या तर्काची फळे भंडाऱ्याने भरपूर चाखली आहेत. २००९ पासून भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघाने प्रत्येक निवडणुकीत पक्ष बदलला आहे. २००९, २०१४, २०१८ची पोटनिवडणूक, २०१९, २०२४. २०१४ मध्ये एका पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले खासदार २०१७ च्या अखेरीस राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षात गेले. मे २०२२ मध्ये भंडारा जिल्हा परिषदेत काँग्रेसने सत्ता मिळविली ती भाजपच्या फुटीर गटाच्या साह्याने. त्याच सुमारास शेजारच्या गोंदियात राष्ट्रवादीने भाजपला साथ दिली. वर ज्यांनी हातमिळवणी केली, त्यांच्यासाठी खाली गावात सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. पक्षनिष्ठेची किंमत गावाने मोजली आणि तिचा व्यवहार इतरत्र झाला. अशा जिल्ह्यात गावाच्या हातात स्थिर असे काही उरते, तर ती त्याची स्वतःची सभाच.

आणि ती सभा काय करू शकते, हे सांगायला या जिल्ह्याला परक्या उदाहरणाची गरज नाही. गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, त्यापूर्वीचा अखंड भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने येथे हजारो तलाव आणि बोड्या बांधल्या. धानाच्या बांधीला पाणी, ढिवराला मासोळी, गुरांना प्यायला, घरट्याला पाखरांना जागा, असा तो साराच संसार होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. तिच्या आठवणीने उसासे टाकण्याचे कारण नाही. पण पाळ दुरुस्त करण्यासाठी, गाळ काढण्यासाठी, पाणी कोणी आधी घ्यायचे हे ठरविण्यासाठी गावाने एकत्र बसायचे, ती सवयही तिच्याबरोबर गेली. तलाव खात्याचा झाला. खाते तालुक्याला आणि तलाव गावाला, असा संसार किती दिवस चालणार? गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, काठावर अतिक्रमणे झाली.

या तलावांसाठी काम उभे राहिले ते कोणा पक्षाच्या कार्यालयातून नव्हे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांना आणि त्या समाजातील महिलांना सोबत घेतले. पाण्यातील कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे पुस्तकात नसलेले ज्ञान ढिवरांकडे होते. मंडळाने ते ऐकून घेतले. बेशरम उपटली गेली, देशी पाणवनस्पती लावल्या गेल्या, देशी मासे जपले गेले. या कामाला कोणी कोणते विशेषण लावील ते लावो. ‘आपला समाज’, ‘आपली परंपरा’ हे शब्द ज्यांच्या बोलण्यात दिवसातून दहादा येतात, त्यांतील किती जण गावच्या तलावाच्या पाळीवर ढिवरांच्या शेजारी बसले, हा हिशेब मात्र त्यांनी स्वतःशी करावा.

थोडे दक्षिणेला, गडचिरोलीत, मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे छोटे गाव आहे. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने आधी अभ्यासगट चालविला, मग ग्रामसभा. बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय, हा त्यांचा दंडक. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क त्यांनी २००९ मध्ये मिळविला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकार बजावला. हे लोक सर्वोदयी परंपरेतले. या मंडळींशी मतभेद असू शकतात, आहेतही. पण ग्रामसभांवर अमुक विचाराच्या लोकांनी कब्जा केला, अशी तक्रार जेव्हा बैठकांमधून ऐकू येते, तेव्हा एवढेच विचारावेसे वाटते की, ती जागा रिकामी कोणी सोडली होती? १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांत पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शन मांडले, त्यात व्यक्ती आणि समष्टी यांचे नाते सांगितले. समष्टीचे पहिले दर्शन खेड्यातील माणसाला घडायचे ते ग्रामसभेत, की पक्षाच्या मेळाव्यातील खुर्च्यांच्या रांगेत?

येथे एक अप्रिय गोष्ट टाळता येणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला होता. १९५४ मध्ये तेच बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि या जिल्ह्याने त्यांना पराभूत केले. त्यानंतर ५२ वर्षांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने निर्घृण हत्या केली. त्या गावातही ग्रामपंचायत होती, मतदारयादी होती, सर्व पक्षांना मते पडत होती. शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा वाद जुना होता. त्यामागे जातीचा द्वेष त्याहून जुना होता. ते कुटुंब आपले म्हणणे निर्भयपणे मांडू शकेल आणि गावातील चार प्रतिष्ठित त्याच्या बाजूने उभे राहतील, अशी एक सभा त्या गावात कधी भरली होती काय? जी सभा भरत नाही, तिच्या जागी जमाव भरतो. बाळासाहेब देवरसांनी १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेविषयी जी निःसंदिग्ध भूमिका घेतली, तिचा उल्लेख समरसतेच्या प्रत्येक बैठकीत होतो. पण बैठकीच्या खोलीतली समरसता स्वस्त असते. दलित वस्तीतील बाईचा अर्ज ग्रामसभेत वाचला जात असताना सवर्ण कार्यकर्त्याने उठून ‘हे बरोबर आहे, ठराव करा’ म्हणणे, आणि उद्या आपल्याच भावकीचा रोष ओढवून घेणे, ही महाग समरसता. ती फार थोड्या गावांत पाहायला मिळते.

म्हणून गावगाडा वाईटच, त्याला सोडून द्या, हा निष्कर्ष मात्र चालणार नाही. नानाजी देशमुखांनी सत्तेचे राजकारण सोडले आणि चित्रकूटच्या परिसरातील गावांत तंटे गावातच मिटविण्याचे काम उभे केले, ते गावे आधीच निर्मळ होती म्हणून नव्हे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीता लिहिली ती विदर्भातील याच भांडखोर, कर्जबाजारी खेड्यांसाठी. महाराष्ट्राने २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. भंडारा-गोंदियात तिच्या समित्या प्रेमविवाह लावून देण्यासाठी प्रसिद्ध झाल्या, आणि त्याची थट्टाही झाली. परंतु आंतरजातीय जोडप्याला गावात उभे राहायला एक अधिकृत जागा मिळाली असेल, तर ती थट्टेची गोष्ट नाही.

चिकाटी या मातीला अपरिचित नाही. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले, तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि खर्च कित्येक पटींनी वाढला. या सगळ्या काळात पवनी आणि भंडारा तालुक्यांतील बुडीत गावांचे प्रकल्पग्रस्त बैठका घेत राहिले, मोर्चे काढत राहिले, पाण्यात उभे राहिले. त्यांना तिकीट मिळणार नव्हते. पाच, दहा, वीस वर्षे ते जमत राहिले, कारण विषय त्यांच्या घरादाराचा होता. ग्रामसभेचा विषयही घरादाराचाच आहे, हे लोकांना पटवून देण्याचे काम कार्यकर्त्याचे होते.

यासाठी निधी लागत नाही, वरून आदेश यावा लागत नाही. गावातील दहा कार्यकर्त्यांनी विषयपत्रिका आठवडाभर आधी मागून घ्यावी, ती घरोघर वाचून दाखवावी, मागच्या सभेतील ठरावांचे काय झाले ते लिहून विचारावे आणि सह्यांची वही सभेबाहेर जाऊ देऊ नये. आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी, तीही भर दुपारी घेतली जाते. जानेवारीच्या अखेरीस उन्हाळी धानाची रोवणी चालू असते. मे महिन्याच्या आरंभी गरीब माणूस पहाटेच तेंदूपत्त्याला गेलेला असतो. ऑगस्टच्या मध्यापर्यंत मागास रोवणीत बायका चिखलात वाकलेल्या असतात. ज्यांनी यायला हवे तेच येऊ शकत नाहीत, अशी ही वेळ आहे. कायदा किमान चार सभा घ्या म्हणतो, चारच घ्या म्हणत नाही. दुपारीच घ्या, असेही म्हणत नाही. सायंकाळी सभा घ्या, अशी मागणी कोणत्या पक्षाच्या कोणत्या तालुका शाखेने केली? पक्षाची बैठक तर रात्री आठलाच ठेवली जाते. त्या वेळी माणसे घरी असतात, हे कार्यकर्त्यांना पक्के ठाऊक आहे.